वाफसा कधी येणार?

"वाफसा नावाचे पाहुणे आपल्याकडे उतरलेले नाहीत," गडू म्हणाला. "रहिवाशांची यादी मी तीनदा पाहिली, उल्काताई. गेल्या यानाने आलेल्या एकोणीस जणांतही ते नाहीत."

उल्काने कपाळावर हात मारून घेतला. अकरा वर्षांची ही मुलगी एरवीही एका जागी टिकायची नाही, पायाला भिंगरीच. त्या मंगळवारी तर तिने रोपघरात इतक्या येरझाऱ्या घातल्या की गडूला चाकं आवरून कोपऱ्यात उभं राहावं लागलं. गडू म्हणजे रोपांना पाणी घालणारा यंत्रमानव. पोट टाकीचं, मान नळीची आणि स्वभाव सांगकाम्याचा. डोकं चालवायची वेळ आली की मात्र पंचाईत व्हायची.

ही गोष्ट मंगळावरच्या 'माळरान' वसाहतीतली. तिथे भाजी पिकायची ती जलसंवर्धनाने (मातीशिवाय, नुसत्या खतपाण्यात रोपं वाढवण्याच्या पद्धतीने). उल्का मंगळावरच जन्मलेली, तिने मातीत उगवलेलं काही पाहिलंच नव्हतं. मग हौसाआत्या आली. ती उल्काची सख्खी आत्या नव्हे, सगळ्या वसाहतीचीच आत्या. पृथ्वीवर चाळीस वर्षं शेती केलेली ही बाई इथे माती तयार करायला आली होती. तिने मंगळाची तांबडी धूळ धुऊन धुऊन तिच्यातले विषारी क्षार काढले, स्वयंपाकघरातला ओला कचरा कुजवून त्यात मिसळला आणि दोन वर्षांनी एक मोठी पेटी भरून खरीखुरी माती केली. त्यात चाळीस हरभरे पेरले. पृथ्वीवर परतताना तिने आपली जुनी शेतीची वही उल्काच्या हातात दिली. "पेरलंय मी, जगवायचं तू," एवढंच म्हणाली.

आणि आता ती रोपं पिवळी पडत चालली होती. चाळिसातली अकरा माना टाकून बसली होती.

उल्काची आई, कालिंदी कुलथे, वसाहतीच्या अन्नखात्याची प्रमुख. तिने सकाळीच सांगून टाकलं होतं, "रविवारपर्यंत बघेन. नाही सुधारली तर पेटी रिकामी करून तिथे पाण्याच्या टाक्या बसवायच्या. सहाशे माणसांच्या जेवणाचा प्रश्न आहे, उल्का. जागा अडवून ठेवता येणार नाही."

आता तुम्ही म्हणाल, आत्यालाच का नाही विचारलं? विचारलं असतं हो. पण नेमकी सूर्ययुती सुरू होती (पृथ्वी आणि मंगळ यांच्या मधोमध सूर्य येतो, तो काळ). सूर्य आडवा आला की संदेश नीट पोहोचत नाहीत. अजून आठ दिवस पृथ्वीशी बोलणं बंद होतं.

वहीच्या शेवटच्या पानावर आत्याने खास उल्कासाठी लिहिलं होतं: 'हरभऱ्याला जास्त पाणी सोसत नाही. एकदा पाणी दिलं की वाफसा येईपर्यंत पाण्याला हात लावायचा नाही.' पण किती थांबायचं तेच कळत नव्हतं, म्हणून गडूचं रोजचं पाणी चालूच होतं.

"शब्दकोश बघ," उल्का म्हणाली.

"बघितला. 'वाफसा: वापसा पाहा.'"

"मग वापसा बघ."

"'वापसा: वाफसा पाहा.'"

उल्काला रडू की हसू कळेना. ती वही घेऊन पुन्हा फेऱ्या मारू लागली आणि चालता चालता मोठ्याने वाचू लागली. जिथे तो मेला शब्द यायचा तिथे गाडी अडायची. शेवटी वैतागून तिने त्या शब्दावर अंगठाच ठेवला.

"समज, इथे शाई सांडली आहे," ती गडूला म्हणाली. "शब्द दिसतच नाही. बाकीचं वाक्य तर दिसतंय ना? मग त्यालाच विचारू, इथे काय शोभेल ते."

"पाहुणा शोभेल," गडू म्हणाला. "आत्या सारख्या लिहितात, आला, गेला, वाट पाहिली."

"बरं, पाहुणा घालून बघू. 'पाहुणा आला. मूठभर माती घेऊन वळली, टिचकी मारली, भुगा झाला. पेरणी उरकून घेतली.'" उल्का थांबली. "एखादा पाहुणा आला म्हणून मातीचा भुगा कशाला होईल?"

"पाहुणे वजनदार असतील."

"गप रे. पुढे ऐक. 'रान वाफशावर आहे.' रान पाहुण्यावर कसं असेल? एका वाक्यात चाललं आणि दुसऱ्यात अडलं, म्हणजे आपला अंदाज चुकला."

मग दोघांनी वहीतली ती सगळी वाक्यं शोधून काढली. एका वाक्याने भागत नाही हे उल्काला आता कळलं होतं. एक साक्षीदार फसवेल, चार जण मिळून कसे फसवतील? गडूने त्यातली चार वाक्यं भिंतीवरच्या पडद्यावर मोठी करून लावली.

'काल पाणी दिलं. वाफसा यायला तीनचार दिवस लागतील.'

'वाफसा नाही. पाय रुततो, खुरप्याला चिखल धरतो. माघारी आले.'

'वाफसा आला. मूठभर माती घेऊन वळली, टिचकी मारली, भुगा झाला. पेरणी उरकून घेतली.'

'दोन दिवस लग्नात गेले, वाफसा निघून गेला. ढेकळं फुटेनात.' (ढेकूळ म्हणजे सुकून दगडासारखा झालेला मातीचा गोळा.)

"कोरडेपणा," उल्का एकदम म्हणाली. "वाफसा नाही तेव्हा चिखल. म्हणजे वाफसा म्हणजे माती कोरडी होणं. सुटलं कोडं."

ती उड्या मारतच दाराकडे निघाली होती. तेवढ्यात गडू आपल्या सपाट आवाजात वाचू लागला, "'दोन दिवस लग्नात गेले, कोरडेपणा निघून गेला. ढेकळं फुटेनात.' उल्काताई, कोरडेपणा गेला तर माती मऊ व्हायला हवी. ती कडक का झाली?"

उल्का दारातून परत फिरली. तिला गडूचा राग आला आणि खरं सांगायचं तर स्वतःचा जास्त आला. उतावळेपणाने ती पेटी सुकवून मोकळी झाली असती, म्हणजे उरलेली रोपंही गेली असती.

ती जमिनीवर मांडी घालून बसली. तिने बोटाने हवेत एक रेघ ओढली. या टोकाला चिखल, तेव्हा वाफसा यायचा असतो. त्या टोकाला ढेकळं, तेव्हा वाफसा गेलेला असतो. मग वाफसा असणार मधे कुठेतरी. ओली नाही आणि कोरडी नाही, अशी माती. मूठ वळण्यापुरता ओलावा आणि टिचकीने फुटण्यापुरता मोकळेपणा.

"मोकळेपणात काय असतं?" गडूने विचारलं. हा प्रश्न मात्र चांगला होता.

वहीत त्याचंही उत्तर होतं. 'रान वाफशावर आहे. मुळ्या श्वास घेतायत.' उल्काने ते वाक्य दोनदा वाचलं. "गडू, आपण भाजीच्या पाण्यात सारखे बुडबुडे का सोडतो?"

"मुळांना प्राणवायू मिळावा म्हणून."

"आणि या पेटीत?"

पेटीत बुडबुडे नव्हतेच. मातीच्या कणांमधल्या बारीक फटींतून हवा खेळते, आणि गडू सकाळ-संध्याकाळ पाणी ओतून त्या फटी बुजवत होता. पानं पिवळी पडली की त्याला वाटायचं तहान लागली, मग तो आणखी ओतायचा. रोपं तहानेने नव्हे, गुदमरून मरत होती.

"पाणी बंद," उल्का म्हणाली.

पाणी बंद करणं सोपं, पण नंतर वाट बघणं भलतंच अवघड, त्यातून उल्कासारखीला. बुधवारी तिने सतरा वेळा पेटीत डोकावलं. गुरुवारी आणखी दोन रोपं आडवी झाली आणि आईने जेवताना विचारलं, "अगं, पाणी का थांबवलंस? सुकून गेलीयत ती." "रविवार म्हणालीस ना तू," एवढंच ती बोलली.

शनिवारी सकाळी गडू टाकी भरून हजर झाला. "आत्यांनी तीनचार दिवस लिहिलं आहे. आज चौथा. म्हणजे वाफसा येऊन गेला. पाणी घालू?"

उल्काचाही हात नळीकडे गेला होता. पण तिने आधी मातीत हात घातला, चिमूटभर उचलली आणि दाबली. माती बोटांना लोण्यासारखी चिकटली. "नाही आला."

"पण दिवस भरले."

"ते पृथ्वीचे दिवस. तिथे शंभर किलो भरणारं पोतं इथे अडतीस किलो भरतं. मंगळाची ओढच कमी. मग पाणीही खाली झिरपायला आळस करणार." ती बोलता बोलता स्वतःच थबकली. "बरं झालं आपण नुसता आकडा नाही घेतला. आकडा तिथला होता, अर्थ मात्र इथेही चालतो."

त्या रात्री ती नीट झोपली नाही. रविवारी उजाडताच अनवाणी रोपघरात गेली. आत्याने लिहिल्यासारखी मूठभर माती उचलली, वळली. गोळा झाला. बोटांना काही लागलं नाही. श्वास रोखून तिने टिचकी मारली आणि तळहातावर भुगा पसरला.

तिने रोपं मोजली. तेरा गेली होती, ती काही परत येणार नव्हती. पण सत्तावीस उभी होती आणि त्यातल्या बहुतेकांच्या शेंड्याला कोवळं हिरवं पान फुटलं होतं.

तेवढ्यात दार सरकलं. आई आत आली, मागे टाक्या बसवणारे दोघे जण पाने-पकडी घेऊन. उल्काला खूप काही सांगायचं होतं, चिखलाचं, ढेकळांचं, हवेचं. पण तेवढा वेळ नव्हता. तिने नुसता हात पुढे केला.

"वाफसा आलाय, आई," ती म्हणाली.

आईने आयुष्यात हा शब्द ऐकला नव्हता. तिने लेकीच्या हातावरचा मऊ भुगा पाहिला. त्यात बोट फिरवलं, चिमूट दाबली, सोडली. मग रोपांच्या शेंड्यांकडे पाहिलं, आणि कोपऱ्यात नळी गुंडाळून उभ्या असलेल्या गडूकडे. भिंतीवरच्या पडद्यावर ती चार वाक्यं अजून तशीच होती, ती तिने वाचली.

"टाक्या पलीकडच्या खोलीत लावा," ती त्या दोघांना म्हणाली. "इथे वाफसा आलाय. मेलेल्या रोपांच्या जागी आजच बी टोचून घेऊ, नाहीतर निघून जाईल."

उल्का तिच्याकडे बघतच राहिली. अर्थ तर आईला कोणीच सांगितला नव्हता.