मधला ठोका

कापिरी गावात आता घरी कोणी कांडत नाही. चढावर गिरणी आली आणि बायका मक्याच्या टोपल्या डोक्यावर घेऊन तिथं रांगा लावू लागल्या. रांगेत हसायचं, नवऱ्यांच्या नकला करायच्या, पीठ होईस्तोवर साऱ्या गावाचं दळण काढायचं. एलुबे तेवढी अंगणात एकटी कांडायची. "गिरणीचं पीठ मला सोसत नाही," असं तिचे यजमान लामेक मास्तर म्हणाले होते. शाळेत मास्तर, चर्चमध्ये गाणाऱ्यांचे म्होरके. बोलणं मऊ.

लिंथीपे नदीपलीकडं, माहेरी, एलुबे गायला लागली की पाण्याला आलेल्या बायका बादल्या टेकवून थांबायच्या. लग्नानंतरच्या पहिल्याच रविवारी मास्तर म्हणाले, "आवाज जरा फाटका आहे गं तुझा. चारचौघांत माझी मान खाली जाते." एवढंच. मग कांडताना गाऊ नकोस. मग मोठ्यानं हसू नकोस. मग कुंपणावरून शेजारच्या फालेसीशी बोलू नकोस. आणि गवताचं कुंपण डोक्यावर चढलं. माहेरचा निरोप आला तर उत्तर मास्तर देत, फोन त्यांच्याच खिशात असे. हात कधी उगारला नाही. ती न्सिमाचं, मक्याच्या घट्ट उकडीचं, ताट पुढं ठेवी, ते एक घास घेत, तिच्याकडं बघत, नुसतं बघत राहत, आणि ताट सरकवून उठत.

सहा वर्षांत असं झालं, की मास्तर समोर असले म्हणजे तिचे ओठ हलत आणि आवाज येत नसे. पाच वर्षांची लेक मालिता पडली, गुडघा फुटला, तरी कुजबुजत रडायची.

शेजारच्या झोपडीत सासू, नाम्बेवे. ती म्हणायची, "माझ्या नवऱ्यानं मला चाळीस वर्षं मुकं ठेवलं. मेले का मी? नीट पाखड, कोंडा राहिलाय."

जूनमधली, ऐन हिवाळ्यातली थंडगार सकाळ होती. धुकं डोंगरावरून उतरून अंगणात बसलं होतं. एलुबेनं मुसळ उचललं, आणि ते खाली यायच्या आत उखळात एक ठोका पडला.

डोंगराचा प्रतिध्वनी, तिनं स्वतःला सांगितलं. तिनं हळू कांडलं. ठोका बरोबर मधोमध पडला. भरभर कांडलं, तरी मधोमधच. शेवटी तिनं मुसळ एका हातानं वर धरून ठेवलं आणि दुसरा तळवा उखळाच्या काठावर टेकला. लाकूड ऊबदार होतं. आत धप्प झालं आणि मक्याचे चार दाणे उडून तिच्या मनगटाला चिकटले.

त्या दिवशी कांडण निम्म्या वेळात उरकलं.

"काय गं," कुंपणापलीकडून फालेसी म्हणाली, "मास्तरांनी सोबतीण दिली म्हणायची अखेर! कोण आलंय?"

"कुणी नाही."

"मग दुसरं मुसळ काय मास्तर घालतायत?" आणि ती एवढी हसली की तिची कोंबडी बिचकली.

तिसऱ्या दिवशी मधे दोन ठोके पडू लागले. चौथ्या दिवशी आवाज आला. उखळातून नव्हे, दोन ठोक्यांच्या मधून. बाईचा आवाज, खरखरीत, घशात कोंडा अडकल्यासारखा.

*उखळा रे उखळा, सांगते तुला गूज...*

आणि थांबला. एलुबेला ठाऊक होतं तो का थांबला ते. कांडणाऱ्या दोघी असल्या की एकीनं ओळ टाकायची, दुसरीनं पुरी करायची. तिनं तोंड उघडलं. नुसती वाफ बाहेर आली.

दुसऱ्या दिवशी पुन्हा तीच ओळ. पुन्हा तोच थांबा. कुणीतरी तिची वाट बघत होतं. सहा वर्षांत तिची वाट कुणी बघितली नव्हती.

मास्तर शाळेला गेल्यावर एलुबे कुंपणाच्या गवताला ओठ लावून म्हणाली, "फालेसी, बिझेकी मामांना फोन कर. म्हणावं, मला न्यायला या."

शनिवारी दुपारी मास्तरांच्या अंगणात निवाड्यासाठी चटया पडल्या. गावप्रमुख बाई मधे बसल्या. मामा टोपी कुस्करत एका कडेला, चर्चमधली गाणारी मंडळी दुसऱ्या कडेला.

"मारलं का तुला?" प्रमुखबाईंनी विचारलं.

एलुबेनं मान हलवली. नाही.

"उपाशी ठेवलं? दुसरी बाई आणली?"

नाही.

"मग पोरी, दुखतंय कुठं?"

मास्तरांनी तिच्याकडं बघितलं. एलुबेचे ओठ हलले.

"बघा," मास्तर हळुवारपणे म्हणाले, "मी अडवलंय का? बोल ना, एलुबे."

कुणीतरी फिसकन हसलं.

"मास्तर," मामा म्हणाले, "आमच्याकडनं निघाली तेव्हा पोरगी बोलकी होती. वाटेत सांडलं का तुमच्या हातून काही?"

"मामा, टोमणे पुरे," प्रमुखबाई म्हणाल्या. "ती बोलली नाही तर मी ऐकू काय? आज काही निघालं नाही, तर हीच तक्रार घेऊन पुन्हा यायचं नाही. ती इथंच राहील, आणि लेकही."

मालिता आईच्या कमरेला गुंडाळलेल्या चितेंजेचं टोक चावत होती. एलुबेनं ते कापड हळूच तिच्या तोंडातून सोडवलं आणि उठली. टोपलीभर मका उखळात ओतला. मुसळ उचललं.

"हे काय नाटक?" मास्तर म्हणाले.

"कांडू दे तिला," प्रमुखबाई म्हणाल्या. "उखळापाशी गायलेल्या शब्दाचा जाब कुणी विचारायचा नाही. माझ्या आजीच्याही आधीची रीत आहे. मीसुद्धा तिथं शिव्या खाल्ल्यात."

ठोका पडला. मुसळ वर गेलं.

मधे दुसरा ठोका पडला.

मुसळ एक होतं. हात दोन होते. ठोका पुन्हा मधे पडला. मग त्याच्या मागोमाग आणखी एक. मग तो खरखरीत आवाज आला आणि सगळ्यांनी मागं वळून बघितलं. मागं कुणी नव्हतं.

*उखळा रे उखळा, सांगते तुला गूज...*

आवाज थांबला.

*...वळ नाही पाठीवर, कशी दाखवू सूज.*

एलुबे गात होती.

*हात नाही उगारला, नजर उगारली,*
*सहा वर्षं ताटासंगं जीभ माझी वारली.*

*कुंपण वाढलं बाई, आभाळ उरलं वीत,*
*पडली तरी कुजबुजून रडायची लेकीला रीत.*

आवाज फाटका होता. मधेच तुटत होता, पुन्हा जुळत होता, आणि चढावरच्या गिरणीपर्यंत जात होता. रांग मोडली. बायका टोपल्या घेऊन धावत आल्या, कुंपणाला रेटून उभ्या राहिल्या, आणि ते गवताचं कुंपण कडकडत अंगणात आडवं झालं.

मास्तर उठले. "हे सगळं..."

"बसा मास्तर. जाब नाही."

मास्तरांनी एलुबेकडं बघितलं, तसंच, ताटावरून बघायचे तसं. तिनंही बघितलं. दोन डोळे होते. थोडे लालसर, पापण्या मिटणारे. मुसळ ठरल्या जागी पडलं.

तेवढ्यात नाम्बेवे उठली. भिंतीला टेकवलेलं जुनं मुसळ तिनं घेतलं, तळहातावर थुंकली आणि उखळाच्या दुसऱ्या बाजूला उभी राहिली.

"आई!" मास्तर ओरडले.

"गप रे. माझी पाळी आहे."

*बाप तुझा मऊ बोले, जसा लोण्यात काटा,*
*चाळीस वर्षं गिळला बाई, आज फुटल्या वाटा.*

म्हातारीचा आवाज चिरका होता आणि तिचं तिलाच हसू येत होतं. गिरणीवरच्या बायका टाळ्या देऊ लागल्या. फालेसीनं जीभ नाचवून अशी किलकारी दिली की गाणाऱ्या मंडळीतल्या दोघी बायकाही उठून त्यांच्यात सामील झाल्या. मास्तर चटईवर बसले.

मुसळं दोन होती.

प्रमुखबाई बोटांवर मोजत होत्या. ठोके चार.

त्यांनी मूठ मिटली. "ऐकलं मी," त्या म्हणाल्या. "मामा, पोरीला न्या. लेकीलाही. आणि मास्तर, हे कुंपण पुन्हा उभं राहायचं नाही."

नाम्बेवेनं कांडण थांबवलं नाही. एलुबेनं जाताना तिचा दंड दाबला, तेव्हा ती दम खात एवढंच म्हणाली, "जा गं. मला सोबत आहे."

मोठ्या रस्त्याला लागेपर्यंत मालिता मामांच्या खांद्यावर बसून ओरडत होती. दिसेल त्याचं नाव घेऊन ओरडत होती: "गाय! सायकल! माणूस!" मामांचा कान दुखत होता आणि ते हसत होते.

नदीच्या पुलाअलीकडं एक बाई सुपात भाजलेले शेंगदाणे घेऊन बसली होती. तिच्यामागं स्टुलावर तिचा नवरा.

"ताजे आहेत का गं?" एलुबेनं विचारलं.

"तिला काय विचारता, मला विचारा," नवरा म्हणाला. "ताजे आहेत."

बाईनं पुडी बांधायला घेतली. हात मधेच थांबले. मान न उचलता तिनं विचारलं, "इथं कोण कांडतंय?"

"कुठं?" मामा म्हणाले. "ट्रकचा आवाज असेल."

एलुबेनं कान दिला. नदी होती, वारा होता. ठोका ऐकू आला नाही. तो आता तिच्यासाठी नव्हता.

ती बाईजवळ वाकली. "घाबरू नकोस," ती म्हणाली. "ओळ थांबली की तुझी पाळी."

नवऱ्याला काही ऐकू गेलं नव्हतं. तो पुलाकडं बघत होता. बाईच्या मांडीवर सूप अगदी स्थिर होतं, आणि त्यातले शेंगदाणे सगळे मिळून एकदम, बोटभर, उडत होते.