पहिल्या ओळीतला श्री

तो आला तेव्हा मी पडद्याशी भांडत होते... मनातल्या मनात. मोठ्यानं भांडणं मला जमतच नाही.

मार्गशीर्षातला पहिला गुरुवार होता. कारेगावच्या आमच्या छोट्या ऑफिसात औषधांच्या खोक्यांवरची लेबलं तयार होतात. छपाईच्या मशीनला द्यायच्या सूचना मी एका साध्या एडिटरमध्ये, म्हणजे टाइप करायच्या प्रोग्राममध्ये, लिहिते. दिवाळीच्या पाडव्याला नवा कॉम्प्युटर आला आणि तेव्हापासून हा एडिटर माझं काही ऐकेना. सेटिंगच्या फाइलीत मी लिहिलं होतं, अक्षर मोठं, पडदा बदामी. तो उघडायचा पांढराफटक, अक्षरं मुंगीएवढी. संध्याकाळपर्यंत डोळे झोंबायचे.

"काढून टाक ती फाइल," शेजारच्या टेबलावरची सविता म्हणायची. "आहे तसं वापर की! किती तो हट्ट, अक्षदा."

हट्ट... हा शब्द तेव्हा घरातही फिरत होता. दौंडचं एक स्थळ आलं होतं. मुलगा चांगला, घर चांगलं. फक्त निरोप होता – उपास, रोजची पोथी, हे आमच्याकडं चालणार नाही. पंधरा दिवसांत उत्तर द्यायचं होतं.

"लेबलं तपासायला आलोय. कुरकुंभच्या औषध कंपनीतून."

मी वर पाहिलं. दारात एक उंच मुलगा. शर्टाच्या खांद्यावर धुक्याचं दव अजून तसंच.

"मी महेंद्र," तो म्हणाला. "डोळं बारीक करून का बघताय? एवढा वाईट दिसतो व्हय?"

"तुमच्यामुळं नाही... पडद्यामुळं."

मी हसू दाबलं. त्यानं ते पाहिलं, बहुतेक.

चहा आला. "मला नको, गुरुवार आहे," मी म्हणाले.

"दिवसभर न्हाई?"

"संध्याकाळच्या आरतीपर्यंत."

तो आपला कप उचलून खिडकीशी गेला, चहाचा वास माझ्यापर्यंत येऊ नये इतका लांब. बाहेर उसाच्या ट्रॉल्या धुक्यात तरंगत चालल्या होत्या. मी लेबलांकडे बघत होते... निदान तसं दाखवत तरी होते.

पुढच्या गुरुवारी तो पुन्हा आला. चहा आला तर म्हणाला, "मला पण नको."

मग माझ्याकडे वळून, "अजून डोळं बारीकच! दाखवा बरं ती फाइल."

त्यानं खुर्ची ओढली, मध्ये हातभर जागा ठेवून. मी फाइल उघडली. सगळ्यात वर होतं – ॥ श्री ॥.

"हे कुणी लिहिलं?"

"मीच. पाडव्याला. नवी वही असो, नवं काहीही असो, पहिली ओळ श्रीची. शाळेपासूनची सवय."

तो हसला. पण मला नाही हसला... ते कळतं.

"एडिटरला पहिल्याच ओळीत काहीतरी न कळणारं दिसतंय. तवा तो अख्खी फाइलच सोडून देतोय. आन् तसं सांगत पण न्हाई, मुक्काट आपलंच चालवतोय."

"म्हणजे... काढावं लागेल?"

दौंडचा निरोप आल्यापासून हेच तर मी स्वतःला विचारत होते.

"काढायचं कशाला?" त्यानं श्रीच्या आधी दोन तिरप्या रेघा मारल्या. "आता ही ओळ तो वाचणारच न्हाई. त्यानं त्याचं काम करावं. श्री तुमचा हाय, तुमच्यापाशी राहू दे."

एडिटर बंद झाला. उघडला. पडदा बदामी... सकाळच्या कोवळ्या उन्हासारखा. अक्षरं मोठी, ठसठशीत. आणि सगळ्यात वर श्री, जागच्या जागी.

मी भलतंच विचारलं, "तुम्ही चहा का नाही घेतला?"

"धरलाय मी पण. आजचा गुरुवार." तो कानामागं खाजवत म्हणाला, "येताना न्हावऱ्याच्या फाट्यावर अर्धा वडापाव खाल्ला आन् मग आठवलं. खोटं कशाला बोलू?"

मी हसले. चांगली मोठ्यानं. सविता गर्रकन वळली. "अगंबाई! ही हसते पण?"

लेबलं पास झाली. कागद गोळा करत तो दाराशी थांबला.

"आता पुढल्या गुरुवारी यायला काय कारण न्हाई," तो जमिनीकडे बघत म्हणाला.

इतकं हळू की त्यालाच ऐकू यावं... मी म्हणाले, "शेवटच्या गुरुवारी आमच्याकडं उद्यापन आहे. शिरूरला. हळदीकुंकवाला तुमच्या आईंना घेऊन या."

त्यानं मान वर केली. डोळे हसत होते, आवाज मात्र अडखळला. "आईला... काय सांगू? कुणाकडं चाललोय?"

"सांगा..." माझे कान तापले होते. "जिची पहिली ओळ तुम्ही पुसली नाहीत, तिच्याकडं."

त्या संध्याकाळी आरती झाली. निरांजन खाली ठेवून मी आईला म्हणाले, "दौंडला नाही म्हणून कळव."

आई माझ्या तोंडाकडे बघतच राहिली.

"आणि उद्यापनाला एक ओटी जास्त काढ."