आणखी सहा फूट

त्या सकाळी मी पेलसाहेबांच्या घरी नकाशे पोचवायला गेलो होतो, एवढंच. १८७४ सालचा ऑक्टोबर. ओहायो नदीवर आमचा पूल उभा राहत होता आणि मुख्य इंजिनिअर थॅडियस पेल खिडकीशी खाटेवर लुळे पडले होते. अकरा वर्षं मी त्यांच्या हाताखाली काढली. त्यांच्यानंतर मीच, सिलास वुडरफ, असं सगळं गाव धरून चाललं होतं. मीही.

नकाशे घेतले त्यांच्या बायकोने, लव्हिनियाबाईंनी. उभ्या उभ्या चाळून म्हणाल्या, "वुडरफ, तिसऱ्या खांबाखाली खडक लागला असं लिहिलंय तुम्ही. मला नाही वाटत. मी आज स्वतः खाली उतरते."

नवऱ्याच्या उशाशी बसून दोन वर्षांत ही बाई गणित शिकली, लोखंड शिकली. मी पेलसाहेबांकडे पाहिलं. ते माझ्याकडे न बघताच म्हणाले, "ती म्हणते तसं करा."

अकरा वर्षांत माझ्याबद्दल त्यांनी असं कधी म्हटलं नव्हतं.

खाली म्हणजे नदीच्या तळाशी. तिथे एक प्रचंड लाकडी पेटी पालथी घातलेली असते. वरून दाबाने हवा भरतात, म्हणून पाणी आत शिरत नाही. मजूर गाळ खणतात, पेटी खाली खाली जाते. खडकावर टेकली की ती काँक्रीटने भरतात; तोच खांबाचा पाया. भर दुपारीही तिथे काळोखच. ओल्या चिखलाचा नि काजळीचा वास. माणसाचा आवाज चिलटासारखा बारीक होतो. त्या दाबलेल्या हवेत फुंकर मारून विझवलेली मेणबत्ती आपोआप पुन्हा पेटते.

बाई चिखलात गुडघे टेकून बसल्या. पहार खुपसली. "चिकणमाती आहे ही. आणखी सहा फूट."

मुकादम मॅलकी डोलनने टोपी काढली. "आम्ही हेच बोंबलत होतो, बाईसाहेब. पण आमचं ऐकतंय कोण?"

मजूर हसले. मला.

वर येताना हवेच्या कोठडीत थांबून दाब हळूहळू उतरवावा लागतो. घाई झाली की माणूस जन्माचा अधू होतो. पेलसाहेब तसेच झाले होते. मी आधी वर आलो. दाब सोडायच्या झडपेवरच्या माणसाला म्हणालो, "तू जेवून ये. बाईंना मी काढतो."

आणि झडप सताड उघडली.

बाई हसत बाहेर आल्या. संध्याकाळी गुडघे धरून किंचाळू लागल्या. तिसऱ्या दिवशी गेल्या. बायकांच्या अंगाला हे सोसत नाही, डॉक्टर म्हणाले. मी मान हलवली.

दफन उरकलं. आठवड्याने मी पेटीत उतरलो. "खणणं बंद. काँक्रीट भरा."

कुणी थांबलं नाही.

"अजून दोन फूट आहेत म्हणतात बाईसाहेब," डोलन म्हणाला.

"कोण बाईसाहेब?"

त्याने फावड्याने कोपरा दाखवला. "त्या काय... उभ्या आहेत. तुम्हीच विचारा की."

कोपऱ्यात कुणी नव्हतं. काळं पाणी साचलं होतं, बस. पण एवढ्या दाटीत, सगळे मजूर तेवढी जागा सोडून खणत होते.

"काय..." मी कंदील वर धरला. "काय म्हणतात त्या?"

डोलनने कान दिला. बराच वेळ. मग मान खाली घालून हळूच म्हणाला, "साहेब... तुमच्याशी बोलायचं नाही म्हणतात."

खरं सांगू? भीती मागाहून वाटली. आधी जळलो. मातीत गेली तरी कामाची मालकीण हीच!

बरोबर दोन फुटांवर फावडी खडकावर खणखणली.

पूल पुरा व्हायला सात वर्षं लागली. मुख्य इंजिनिअर आता मी होतो. उद्घाटनाला पहिली बग्गी पेलसाहेबांची. दोघांनी उचलून त्यांना डाव्या बाजूला बसवलं. अंगात नुसती हाडं उरली होती. शेजारची जागा मोकळी होती. हक्काची माझी. मी पायरीवर पाय ठेवला.

"जागा नाही," पेलसाहेब म्हणाले.

शेकडो लोकांसमोर मी पाय खाली घेतला आणि बग्गीच्या मागून चालू लागलो. बँड वाजत होता, ऊन लख्ख पडलं होतं. माझी नजर बग्गीवरून हटेना.

पुलाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ती उजवीकडे कललेली होती.