कंसातलं नाव

त्या उन्हाळ्यात बजाजनगरला नळाचं पाणी आठवड्यातून एकदा यायचं, तेही जेमतेम. वाळूजच्या कारखान्यांमुळं वस्ती वाढली तेव्हा शेतात ज्या इमारती उभ्या राहिल्या, त्यांतलीच आमची एक. तिथं काकासाहेबांचे टँकर चालत. टँकर निघाला की ग्राहकाच्या मोबाईलवर मेसेज जायचा: 'आशाबाई, टँकर निघाला आहे.' तो पाठवणारा प्रोग्राम मी लिहिलेला होता. काम घरूनच करायचो. घरात मी आणि आई.

एप्रिलमध्ये सर्व्हरवर त्या प्रोग्रामिंग भाषेची नवी आवृत्ती आली. वाक्यात नाव भरायची जुनी पद्धत आता बंद होणार होती. आधी डॉलरचं चिन्ह महिरपी कंसाच्या बाहेर असायचं, आता ते कंसाच्या आत घ्यायचं. बाकी काही नाही. कंटाळवाणं, पण साधं काम. एकेक फाईल उघडून मी चिन्हं आत घेतली आणि स्वतःच्या नंबरवर मेसेज पाठवून पाहिला. 'हिमांशू, टँकर निघाला आहे.' झालं.

दुसऱ्या दिवशी काकासाहेबांचा फोन आला.

"हिमांशू सर, आशाबाईला गजरा म्हणून मेसेज गेला. अन् पारूबाईला ठकू म्हणून. ही नावं आपल्याकडं हायेत का कुठं?"

नव्हती. मी दोनदा तपासलं.

आशाबाई आमच्याच इमारतीत तळमजल्यावर राहायच्या. मी खाली गेलो तेव्हा दारात उभ्या होत्या, मोबाईल हातातच होता.

"मेसेज चुकून गेला," मी म्हणालो.

"चुकला नाय दादा. गजरा मीच. लग्नात नाव बदललं."

"मग हे नाव कुणाला माहीत होतं?"

"आमच्या अण्णाला." त्यांनी पदरानं मोबाईलची काच पुसली. "त्याला जाऊन लई वर्सं झाली."

पुरुषांची नावं बरोबर जात होती. बायकांना मात्र माहेरची. मी चिन्हं पुन्हा कंसाबाहेर काढली. फरक पडला नाही. भाषेची जुनी आवृत्ती परत बसवली. तरी तेच. सर्व्हरच्या नोंदीत 'आशाबाई' निघायची आणि मोबाईलवर 'गजरा' पोचायची. दोष कुठंतरी असणार, आणि तो शोधल्याशिवाय मी उठणार नव्हतो. प्रोग्रामची प्रत्येक ओळ मी पुन्हा वाचली. काही सापडलं नाही, तेव्हा मेसेजची सेवाच बंद केली आणि काकासाहेबांना सांगितलं, लोकांना फोन करून कळवा.

त्याच दुपारी इमारतीतले मोबाईल एकदम वाजले.

मी गॅलरीत आलो. बायका हंडे-कळशा घेऊन खाली उतरत होत्या. फाटकाशी टँकर नव्हता. त्या मागच्या बाजूला, सिमेंटचे गट्टू बसवलेल्या पार्किंगकडं गेल्या आणि कोपऱ्यात रांगेत उभ्या राहिल्या. एकेक जण पुढं होऊन वाकत होती. वरून मला फक्त पाठी दिसत होत्या. मग त्या वळल्या. कमरेवरचे हंडे जड झाले होते, काठावरून पाणी सांडत होतं.

धावत खाली गेलो. गट्टू कोरडे. हात टेकवला तर भाजला.

वॉचमन बन्सी खुर्ची उलटी फिरवून, रस्त्याकडं तोंड करून बसला होता.

"बन्सी, त्या कोपऱ्यात काय होतं आधी?"

"विहीर व्हती. बांधकामाच्या टायमाला मुरूम टाकून बुजवली."

"मग आत्ता बायकांनी पाणी कुठून भरलं?"

"मी तिकडं बघत नाय, साहेब."

जिन्यात ओली पावलं उमटली होती. लहान पावलं, शाळकरी पोरींची असावीत तशी. आशाबाईंचा नवरा दाराबाहेर उभा होता.

"आत येऊ देईना," तो म्हणाला. "तुम्ही कोण म्हणून इचारती."

मी वर पळालो.

आई ओट्याजवळ उभी होती. एका हातात हंडा, दुसऱ्या हातात मोबाईल. 'कुमुद, पाणी आलंय.' हे नाव आमच्या घरात कुणी कधी घेतलं नव्हतं.

"आई, कुमुद कोण?"

ती नुसती हसली. मी तो रिकामा हंडा काढून घेतला, ओट्याखाली सरकवला आणि दाराला आतून कुलूप लावलं. मग कॉम्प्युटरवर बसलो. सगळे कंस काढले, सगळी चिन्हं काढली. वाक्यात भरायला जागाच ठेवली नाही. आईचं नेहमीचं नाव घालून एकेक अक्षर स्वतः टाईप केलं: 'अनसूया, टँकर निघालेला नाही.' सेवा चालू केली आणि फक्त तिच्या नंबरवर पाठवलं.

मोबाईल थरथरला. मी तिच्या खांद्यावरून वाचलं.

'कुमुद, सगळ्या आल्या. तूच राहिलीस.'

ती दाराकडं निघाली. मी दाराला पाठ लावून उभा राहिलो.

"बाजूला व्हा ना," ती म्हणाली.

आई मला कधी अहो-जाहो करत नव्हती.

मी हललो नाही. खालून पोरींच्या हसण्याचा आवाज येत होता. बराच वेळ आला. मग थांबला.

तिनं मान वळवून ओट्याखाली पाहिलं. मीही पाहिलं.

हंडा काठोकाठ भरला होता.

तिनं त्यात पेला बुडवला आणि पाहुण्याला द्यावा तसा, खालच्या मानेनं माझ्यापुढं धरला. पाणी गार होतं. त्याला ओल्या दगडाचा वास होता.

"बाबा बाहेर गेलेत," ती म्हणाली. "बसा. येतीलच इतक्यात."

तिचे वडील मी जन्मायच्या आधीच वारले होते. मी तिला पुन्हा आई म्हणून हाक मारली. तिचं लक्ष नव्हतं. ती बंद दाराकडं बघत होती.

दारापलीकडं कुणीतरी वहाणा काढल्या.