मोकळी फेरी

ये जॉसलिन, आत ये. बूट दारातच काढ, तळांना बर्फ चिकटलंय. सॅक्सोफोनची पेटी त्या खुर्चीवर ठेव, खाली नको, जमीन गार आहे. कोट राहू दे अंगात. हीटर दुपारपासून नुसता कण्हतोय. दिवा जवळ घेते, बस.

का आलीस ते ठाऊक आहे मला. अल्माकडे तू रुसून म्हणालीस ना, 'अख्खा क्लब टाळ्या देतो, पण रोस्कोच्या बायकोची टाळी मला एकदाही ऐकू आली नाही'? अल्माच्या तोंडात तीळ भिजत नाही, बाई. सगळं सांगून मोकळी झाली. तेव्हा आता ऐकच, आणि मधे बोलू नकोस. ही गोष्ट मधे तुटली तर पुन्हा सांगायचा धीर माझ्यात नाही.

रोस्कोला जाऊन वर्ष होत आलं होतं. त्या रविवारी मी अल्माचं काचेचं भांडं परत द्यायला निघाले होते. पीचचं गोड पाठवलं होतं तिनं. रिकामं भांडं कुणाला परत करू नये, म्हणून त्यात मक्याचा पाव घातला, वर फडकं बांधलं आणि चर्चमधून तशीच तिच्या क्लबात गेले. रविवारी चारला कार्यक्रम. पण डेट्रॉइटचा हिवाळा तो, चारलाच दिवे लागलेले. आत तळलेल्या माशाचा, ओल्या लोकरी कोटांचा आणि अल्मा जमिनीला चोपडते त्या पॉलिशचा वास. मी आपली माझ्या टेबलाशी बसले, खांबामागच्या. दुसरी खुर्ची रोस्कोची. मधल्या सुट्टीत तो तिथे येऊन बसायचा. तो गेल्यावर कितीही गर्दी झाली तरी ती खुर्ची कुणी ओढून नेली नाही.

अल्माच्या क्लबाचा नियम तुला माहीत आहे, तरी सांगते. आपल्यातलं कुणी वाजवणारं गेलं, की वर्षभर त्याच्या आवडीच्या गाण्यात त्याची फेरी, त्याची एकट्यानं वाजवायची पाळी, मोकळी सोडतात. खाली बास, ड्रम, पियानो चालू. वर कुणी नाही. तेवढा वेळ कुणी ग्लाससुद्धा टेबलावर ठेवत नाही. वर्ष सरलं, की ती फेरी दुसऱ्या कुणाला देतात. रोस्कोची, सॅक्सोफोनची, तुला मिळाली.

मी त्या फेरीसाठी जगत होते, खोटं कशाला बोलू. आठवडाभर घर खायला उठायचं. एकटीसाठी काय रांधायचं, म्हणून उभ्या उभ्या काहीतरी तोंडात टाकायची. रविवारी मात्र त्या मोकळ्या जागेत मी त्याला वाजवायला लावायची, मनातल्या मनात. त्याचं जुनं वाजवणं आठवायची आणि तिथे बसवायची. आता गंमत बघ. रोस्कोनं एकदा वाजवलेलं जन्मात पुन्हा वाजवलं नाही. मी म्हणायची, अरे, परवाचं किती गोड होतं, तेच वाजव की. तर म्हणायचा, "बायको, तुला शिळं वाढू?" आणि तो गेल्यावर माझ्यापाशी उरलं ते सगळं शिळंच.

त्या रविवारी मोकळी फेरी सुरू झाली. मी नेहमीसारखे डोळे मिटले. आधी श्वास ऐकू आला... वाजवण्याआधी तो नाकानं घ्यायचा तसा, जरा शिट्टीचा. मग त्याच्या लवंगेच्या गोळीचा वास. आणि मग तो वाजवायला लागला.

आठवण असेल म्हणशील. मीही तेच म्हटलं असतं. पण हे मी कधी ऐकलेलंच नव्हतं, जॉसलिन. नवं होतं. खालच्या एका सुराशी तो घुटमळत राहिला, एखाद्याला दाराची कडी सापडू नये तसा, आणि मग एकदम वर गेला. हे माझ्या डोक्यातून कुठून येणार? मला साधं चर्चचं गाणंही सुरात म्हणता येत नाही.

फेरी संपली आणि माझ्या हातून टाळी गेली. चाळीस वर्षांची सवय, हात कुणाला विचारतात? माझी टाळी सगळ्यांच्या ओळखीची होती. एकाच बोटात दोन अंगठ्या, लग्नाची आणि रोस्कोच्या आईची. टाळी दिली की त्या एकमेकींवर टिक् करून वाजायच्या. स्टेजवरच्या उजेडात रोस्कोला खालचं काही दिसायचं नाही, पण त्या आवाजावरून म्हणायचा, "आली माझी मालकीण."

अख्ख्या क्लबात एकटी माझी टाळी. माना वळल्या. आणि गाणं पुढे सरकलंच नाही. टाळी पडली की वाजवणारा आणखी एक फेरी घेतो, आपल्याकडची रीतच आहे. पुन्हा मोकळी फेरी सुरू झाली. तिच्यानंतर अजून एक. थेलबर्ट त्या माणसाएवढ्या बासला मिठी मारल्यासारखा उभा, कपाळावर घाम.

सुट्टीत थेलबर्ट माझ्या टेबलाशी आला. बसला नाही. बोटांना रुमाल गुंडाळला होता आणि रुमाल लाल झाला होता. साठ वर्षं बास वाजवणाऱ्याची बोटं ती.

"वर्लीन, टाळी कुणाला दिलीस?"

"तुला ऐकू नाही आलं?"

"मला काही ऐकू आलं नाही." मग हळूच म्हणाला, "पण हात थांबेनात. थांबायचं होतं... थांबेनात."

अल्मा मागून भांडं घ्यायला आली होती. तिचा हात माझ्या खांद्यावर पडला, तो थंडगार. "हे बघ बयो, टाळी मिळतेय तोवर कुठला वाजवणारा स्टेज सोडतो? आणि तुझा नवरा तर मुलखाचा हावरा."

मला कळत नव्हतं का? कळत होतं. पण घरी गेले, कुलूप उघडलं, त्या अंधाराकडे पाहिलं आणि ठरवलं, मी टाळी देणार. पुढच्या रविवारी दिली. त्याच्या पुढच्याही. दर खेपेला रोस्को जास्त वाजवायचा. दारं बंद असून ड्रमवाल्याच्या तोंडून वाफ निघायची. शेवटी थेलबर्टचे ओठ निळे पडले आणि गाणं संपताच तो मटकन खाली बसला. लोक कोट घेऊन धावले. मी मात्र अजून ऐकतच होते. त्याची लाज वाटते मला.

त्याला गाडीत बसवताना त्यानं माझं मनगट धरलं. "पुढच्या रविवारी वर्ष पुरं होतंय. फेरी जॉसलिनला द्यायचीय. तू टाळी दिलीस तर तो ती सोडायचा नाही... आणि मला घेऊन जाईल. रोस्को माझा भाऊच होता गं. पण मला अजून जायचं नाही."

तो रविवार तुला आठवतो. तू स्टेजच्या कडेला, सॅक्सोफोन गळ्यात, टाच हलवत उभी होतीस. मी दोन्ही हात मांड्यांखाली घालून त्यांच्यावर बसले. अंगठ्या मांसात रुतत होत्या.

आणि तो वाजवायला लागला. काय सांगू तुला. आयुष्यात एवढं चांगलं वाजवलं नव्हतं मेल्यानं. आमचं सगळं होतं त्यात. मला रडू आवरेना, पण हात हलू दिले नाहीत. फेरी संपली. तो थांबला. नाकातला श्वास ऐकू येत होता मला... जवळून, स्टेजवरून नाही. वाट बघत होता. नेहमी मिळणारी एक टाळी, तेवढीच मागत होता माणूस. मी दिली नाही.

आणि टाळी पडली.

बाजूच्या खुर्चीतून. रोस्कोच्या. एकच, सावकाश, आणि तिच्यामागून टिक्... अंगठ्यांचा आवाज. माझी टाळी, जॉसलिन. माझे हात माझ्याखाली होते. मी मान वळवली. खुर्ची रिकामी होती, पण किंचित मागे सरकलेली, कुणी आत्ताच उठावं तशी. लवंगेचा वास दाराकडे गेला आणि विरला. थेलबर्टनं मोठा सुस्कारा सोडला, गाणं पुढे सरकलं आणि तू वाजवायला लागलीस.

छान वाजवलंस. माझी आसवं पुसली जाण्याआधी हात बाहेर काढून मी तुला टाळी दिली. पहिली टाळी माझीच होती. त्यानंतर दर रविवारी देतेय, तळवे लाल होईपर्यंत. तुला त्या उजेडातून दिसत नाही.

सरक जरा, दिव्याजवळ ये. माझ्या हातांकडे बघ. ही एक. ही दुसरी. ही बघ, जोरात.

आलं काही ऐकू?

नाही ना. माझी टाळी तो बरोबर घेऊन गेला. चर्चमध्येही तसंच. सगळे गातात, टाळ्या देतात, त्यांच्यात माझे हात नुसते हलतात. कुणाच्या लक्षात येत नाही. थेलबर्ट बरा आहे, दर शनिवारी मासे आणून देतो, एवढं झालं ते पुष्कळ झालं.

घाबरू नकोस. बस. अजून एक राहिलं, तेवढं ऐक आणि मग जा.

कधी कधी मी इथे एकटी बसलेली असते, दिवा असाच असतो, आणि आतल्या खोलीतून टाळी ऐकू येते. अंगठ्यांसकट. मग जरा वेळ शांत. मग पुन्हा टाळी, आधीपेक्षा खुशीतली. दाराला कान लावून उभी राहते मी. त्याचं वाजवणं मला आता ऐकू येत नाही. नुसती टाळी येते.