बालेकिल्ल्यावरची मोहरी

"बालेकिल्ला उंच बाई, माची त्याच्या कुशीला... ओंजळभर पाणी घाल, येई हिरवं मातीला..."

दिवाळीत आम्ही मुलं अंगणात किल्ला करायचो, तेव्हा सखूआत्या त्यावर मोहरी पेरता पेरता हे गुणगुणायची. किती वर्षांनी तो आवाज पुन्हा कानात घुमला... तोही सौदीत! अल-खोबरपासून तासाभरावरच्या एका मातीच्या टेकाडावर.

डिसेंबरातला शुक्रवार, मला हॉस्पिटलच्या कामातून सुट्टी. मैत्रीण मीनाक्षी तिच्या गाडीत पेंगली होती आणि मी थर्मास घेऊन टेकाड चढले. वरून पाहिलं नि थबकलेच. पायथ्याशी मातीच्या बांधानं कवेत घेतलेलं पटांगण, भोवती बुजत आलेला खंदक... भिंती वाऱ्यानं कधीच नेल्या होत्या. मातीनं मात्र गडपण सोडलं नव्हतं.

"अगं बाई... ही तर माची!"

"आणि तुम्ही बालेकिल्ल्यावर!" खालून कुणीतरी चक्क मराठीत म्हणालं. तिपाईवरच्या दुर्बिणीमागून उन्हानं रापलेला एक हसरा चेहरा वर आला. "मी रणजित. या जागेचा नकाशा करतोय. आज माझ्या माणसाला सुट्टी... जरा ही मोजपट्टी धराल?"

"मी सुखदा. आणि पगार?"

"चहा. तुमच्याच थर्मासमधला."

पुढच्या शुक्रवारीही मी पट्टी धरून उभी. आकडे वाचायला त्याला इतका वेळ का लागायचा, कोण जाणे!

"हलू नका—"

"कुठं हलतेय पट्टी?"

"पट्टी नाही हो... तुमची बट."

मग खंदकाच्या काठी बसून चहा. "टोपली-टोपलीनं रचलंय हे सगळं," मातीवरून हात फिरवत तो म्हणायचा. "केवढी माया असेल त्या हातांत!" त्याच्या हाताकडे मी बघतच राहायचे.

तिसऱ्या शुक्रवारी मी पुडीतली मोहरी वर माथ्यावर पेरली, बाटलीतलं पाणी शिंपडलं.

"आता ही नकाशात कशी दाखवू?" तो हसला.

"माझी आठवण म्हणून दाखवा. करार संपतोय माझा. रविवारी सांगायचंय, थांबणार की रत्नागिरीला परत जाणार."

त्याचं हसू विझलं. "जानेवारीत... छान असतं नाही का तिकडं?"

एवढंच? थांब म्हणायला किती अक्षरं लागतात!

रविवारी हॉस्पिटलात मी आठवडाभराची मुदत मागून घेतली. चौथ्या शुक्रवारी निरोपच घ्यायला गेले. माथ्यावर पाऊल ठेवलं आणि... हिरवं! वीतभर जागेत दाटीवाटीनं उगवलेली कोवळी मोहरी. या कोरड्या वाऱ्यात, एका बाटलीभर पाण्यावर? मी वाकले. माती ओली होती. बाजूला बुटांचे ठसे... येणारे, जाणारे, पुन्हा येणारे.

रणजित मागे उभा होता. रिकाम्या हातांनी.

"दुर्बीण कुठंय?"

"ऑफिसात. मोजणी तर... पहिल्याच शुक्रवारी संपली होती."

"आणि हे पाणी?"

"रोज पहाटे. कामावर जायच्या आधी."

"तासभर गाडी हाकत? आणि तोंडातून एक शब्द नाही?"

त्यानं डोक्यावरची टोपी काढली, हातात चुरगळली. वाऱ्यानं मोहरी थरथरली.

"जाऊ नकोस, सुखदा."