यामिनीच्या डोक्यातलं जाळं

इंग्रजीच्या लेखी परीक्षेत शंभरपैकी चौऱ्याण्णव गुण मिळवणाऱ्या मुलीला इंग्रजीतून साधं पाणीही मागता येऊ नये? आहे की नाही कोडं!

अकरावीतल्या यामिनी ठोंबरेचं अगदी तसंच होतं. गाइडमधले सगळे निबंध तोंडपाठ, पण मध्येच कुणी काही विचारलं की गाडी ठप्प! मग पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरुवात.

आणि शुक्रवारी तर तिची पाणगाडीवर पाळी होती! केनियाजवळच्या समुद्रतळावर प्रवाळाची रोपं लावणारी ही गाडी. बोटीवरच्या इंजिनिअर वांजिरू कळांवर नजर ठेवून ती चालवणार आणि कॉलेजच्या प्रयोगशाळेत बसून कॅमेऱ्यातलं दृश्य यामिनीनं त्यांना इंग्रजीतून सांगायचं. भाषांतरयंत्राला आधी पूर्ण वाक्य ऐकावं लागतं. तेवढ्यात रोपं चिरडायची! यामिनी अडखळली, तर पाळी दुसऱ्याला जाणार होती.

"टोपी घाल आणि निबंध म्हण," बंड्या म्हणाला. बंड्या म्हणजे कॉलेजचा इंग्रजी शिकवणारा यंत्रमानव (माणसासारखं काम करणारं यंत्र). टोमणे मात्र अस्सल मराठीत.

टोपीत संवेदक (बारीक संकेत टिपणारी उपकरणं) होते. यामिनीनं घडाघडा निबंध म्हटला. पडद्यावर एकच चमकती रेघ सरळ पळत गेली.

"डोक्यात चेतापेशी (निरोप पोचवणाऱ्या पेशी) असतात," बंड्या सांगू लागला. "दोन पेशी वारंवार एकत्र जाग्या झाल्या, की त्यांच्यातली वाट पक्की होते. तू कायम एकाच क्रमानं घोकलंस. म्हणून तुझा प्रत्येक शब्द फक्त पुढच्या शब्दाला ओळखतो. बाकी जगाशी त्याची बोलचालच नाही!"

"म्हणजे पाठांतर पाण्यात गेलं?"

"छे गं! शब्द ढीगभर आहेत, वाटा कमी आहेत. तोच शब्द दहा ठिकाणी वापर. एका दोऱ्याचं जाळं होईल. एक वाट अडली तर दुसरी सापडेल."

झालं! यामिनी सुटलीच. कँटीनमध्ये चहात बिस्किट बुडालं, तर ओरडली, "माय बिस्किट इज सिंकिंग!"

"बाई, जहाज आहे का ते?" तिची मैत्रीण निलोफर खो खो हसली.

"तूच वाचव मग! पण इंग्रजीतून!"

वाक्यं चुकायची, हसू व्हायचं. पण शब्द जिभेवर यायला लागले, न बोलावता.

शुक्रवारी वांजिरूंचा आवाज आला, "व्हॉट डू यू सी?"

निबंधाची पहिली ओळ यामिनीच्या ओठांवर आली. तिनं ती गिळली आणि सरळ पडद्याकडे पाहिलं. निळं पाणी, प्रवाळाचं रोप आणि... अरे बापरे! गाडीच्या यांत्रिक हाताला कुणीतरी विळखा घातला होता!

"स्टॉप! ऑक्टोपस ऑन द आर्म! गो बॅक... स्लोली, स्लोली!"

गाडी थांबली, हळूच मागे सरली. ऑक्टोपसनं हात सोडला आणि स्वारी निघून गेली. रोप शाबूत!

"ब्रिलियंट, यामिनी!" वांजिरू हसत म्हणाल्या. प्रयोगशाळेत नुसता कल्ला!

यामिनीला आता कुठे थांबायचं होतं! इंग्रजीतूनच तिनं विचारलं, तुमच्या स्वाहिली भाषेत ऑक्टोपसला काय म्हणतात?

"प्वेझा."

एवढ्यात निलोफरनं मागून येऊन तिला दोन्ही हातांनी घट्ट आवळलं.

"सोड गं," यामिनी किंचाळली, "प्वेझा कुठली!"